स्वस्त रीळ घरी सुधारताना: आधी बाहेरचे भाग, मग पेटी

मासेमारीच्या काठीचे रीळ खरखरायला लागले की पहिला हात स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. गिअरची पेटी उघडायची, दिसेल तिथे पिवळे ग्रीस भरायचे आणि झाकण लावून टाकायचे. चार दिवस हँडल मऊ फिरते आणि पुढचा मोठा कटला लागला की दोरी पुन्हा तटकन तुटते. दोरी तुटणे, गुंता होणे, फेक कमी पडणे यांचा पेटीतल्या गिअरशी फारसा संबंध नसतो. दोष ड्रॅगमध्ये (मासा जोरात ओढला की दोरी सुटू देणारा ब्रेक), स्पूलच्या (दोरी गुंडाळली जाते ती चक्री) काठात, लाइन रोलरमध्ये (दोरी आत घेणारी लहान चकती) नाहीतर दोरीच्या भरणीत असतो, आणि हे चारही भाग पेटी न उघडता हाताला येतात. म्हणून खालचा क्रम बाहेरून आत जातो. पहिल्या पाच टप्प्यांनंतर रीळ नीट चालू लागले, तर तिथेच थांबा.

पाचशे ते पंधराशे रुपयांपर्यंतचे, २००० ते ५००० नंबरचे, ड्रॅगचा नॉब पुढे असलेले स्पिनिंग रीळ डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. माहुलीच्या संगमापासून सांगलीच्या घाटापर्यंत पिठाच्या गोळ्याचे आमिष लावून बसणाऱ्यांच्या हातात बहुतेक हेच दिसते.

## तयारी

लागणाऱ्या वस्तू:

- घड्याळ दुरुस्तीचा छोटा स्क्रू ड्रायव्हर सेट आणि रोटरच्या (स्पूलभोवती फिरणारा भाग) नटाला बसणारा पाना (पक्कड नको, नटाचे कोपरे जातात)
- जुना दातांचा ब्रश, कान साफ करायच्या काड्या, धागे न सुटणारे सुती फडके
- १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, काचेचा सपाट तुकडा
- शिलाई मशीनचे तेल
- लिथियम ग्रीसची छोटी डबी. ड्रॅगसाठी टेफ्लॉनयुक्त ग्रीस मिळाले तर वेगळे
- भांडी घासायचा पातळ साबण, आणि फक्त धातूच्या भागांसाठी वाटीभर पेट्रोल
- दीड लिटरची पाण्याची बाटली

काठ असलेल्या स्टीलच्या ताटात जुना टॉवेल अंथरा आणि त्यावरच काम करा. सर्क्लिप (खाचेत बसणारी ताणाची कडी) किंवा स्प्रिंग काढायची वेळ आली की रीळ आणि हात दोन्ही मोठ्या पारदर्शक पिशवीत घाला. उडालेली स्प्रिंग पिशवीतच राहते. घरात हरवलेली अर्ध्या इंचाची स्प्रिंग बाजारात सुटी मिळत नाही, तिच्यासाठी अख्खे रीळ टाकावे लागते.

काय वापरू नये: खोबरेल तेल. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठते आणि डिसेंबरात धोम किंवा कण्हेर धरणावर पहाटे त्याहून खूप गार असते. गोडेतेल कालांतराने चिकट होते. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे गंज सोडवायला चांगला, पण आतले ग्रीस तो धुऊन काढतो आणि स्वतः टिकत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक विरघळवतो. पेट्रोलही प्लास्टिकच्या पेटीला लावू नका, आणि ते वापराल तेव्हा उघड्यावर, गॅसपासून लांब.

## टप्पा १: दोष कुठे आहे ते ठरवा

रीळ काठीला लावा. स्पूल काढून ठेवा आणि हँडल सावकाश फिरवा. खरखर तशीच राहिली तर दोष पेटीत किंवा रोटरमध्ये. स्पूल काढल्यावर ती थांबली तर दोष स्पूलखालच्या वॉशरमध्ये किंवा दोरी रोटरला घासण्यात.

आता एका हाताने रोटर घट्ट धरा आणि हँडल पुढेमागे हलवा. थोडासा खेळ चालतो. हँडल टक्‌टक् वाजत असेल, तर तो टप्पा ८ चा विषय. हँडलच्या घडीचा स्क्रू सैल असला तरी असाच आवाज येतो, म्हणून आधी तो आवळून पुन्हा बघा.

दुकानात हँडलला टिचकी मारून ते किती वेळ फिरते हे बघायची सवय सोडा. कोरडे, ग्रीस नसलेले रीळही खूप वेळ फिरते. ओझे असताना ते कसे चालते, एवढेच पाहायचे.

## टप्पा २: ड्रॅग

स्वस्त रिळात सगळ्यात जास्त फायदा इथे मिळतो, म्हणून घाई करू नका.

ड्रॅगचा नॉब पूर्ण सोडवून काढा. स्पूलच्या खोबणीत तारेची एक कडी दिसेल. तिचे टोक बारीक स्क्रू ड्रायव्हरने आत ढकलून उचला. आता वॉशर एकेक करून बाहेर काढा आणि ताटात डावीकडून उजवीकडे त्याच क्रमाने मांडत जा. प्रत्येक वॉशरची वरची बाजू वरच ठेवा आणि फोटो काढा.

वॉशर तीन जातींचे असतात. एक फेल्टचा किंवा फायबरचा, घर्षणाचा. दुसरा धातूचा, ज्याचे भोक दांड्यावर अडकते. तिसरा धातूचा, ज्याला बाहेरून कान असतात आणि जो स्पूलसोबत फिरतो. धातूच्या दोन वॉशरमध्ये नेहमी एक घर्षणाचा वॉशर हवा. हा क्रम चुकला की धातूवर धातू येतो आणि ड्रॅग एकतर लागतच नाही किंवा एकदम जाम होतो.

धातूचा वॉशर बोटाच्या पेराने कडेवरून चाचपा. हे वॉशर पत्र्यातून ठोकून कापलेले असतात, त्यामुळे एका बाजूची कड गुळगुळीत आणि दुसरीची धारदार असते. ती धार फेल्टमध्ये रुतते आणि ड्रॅग झटके देत सुटतो. काचेवर १००० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून ठेवा, वॉशर त्यावर सपाट दाबून बोटाने गोल गोल फिरवा. वीस-पंचवीस फेऱ्यांत धार जाते. मग दोन्ही बाजूंना २००० नंबरचा कागद. साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा.

फेल्ट काळा, कडक किंवा चकचकीत झाला असेल तर बदला. चांगला असेल तर साबणाच्या पाण्यात दाबून धुवा, दिवसभर वाळवा आणि ग्रीस बोटाने चोळून त्यात मुरवा. वर थर दिसता कामा नये. फडक्यावर दाबल्यावर फक्त ओलसर डाग उमटावा, इतकेच. कार्बनचे वॉशर लावायचे असतील तर बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजून घ्या. सगळ्या थराची एकूण उंची आधीइतकीच हवी. उंची वाढली की तारेची कडी खोबणीत बसत नाही, कमी झाली की नॉब तळाला टेकूनही ड्रॅग लागत नाही. सायकलच्या ट्यूबचे रबर कापून कधीही घालू नका. ते पकडते आणि सोडते, सरकत नाही.

तपासणी: दोरीचे टोक दीड लिटर पाणी भरलेल्या बाटलीला बांधा. वजन जवळपास दीड किलो झाले. काठी गच्चीवरून सरळ खाली रोखा, म्हणजे दोरी काठीवरच्या कड्यांना घासणार नाही. बाटली जागीच थांबेल इतका ड्रॅग आवळा, मग नॉब जरा जरा सोडवा. बाटली एका संथ गतीने खाली जायला हवी. थांबत-थांबत, धक्के देत गेली तर वॉशर पुन्हा उघडा. बाटलीखाली कोणी उभे नाही, हे आधी पाहा.

दोरीच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा ड्रॅग ठेवावा. ६ किलो ताकदीच्या तंगूसला (नायलॉनची एकपदरी दोरी) दीड ते दोन किलो. काठी वाकली की कड्यांतले घर्षण त्यात भर घालते आणि गाठीत दोरी कमजोर होतेच, म्हणून दीडवर राहिलेले बरे.

## टप्पा ३: स्पूलचा काठ

रीळ दगडी घाटावर आडवे ठेवले की पहिला घाव स्पूलच्या पुढच्या काठावर बसतो. डोळ्यांना तो दिसत नाही. कापसाचा बोळा काठावरून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे पेनने खूण करा. फक्त तेवढ्याच जागी २००० नंबरचा ओला कागद हलक्या हाताने फिरवा आणि शेवटी ब्रासोने पुसा. पूर्ण काठ घासू नका, वरचा रंगीत थर निघतो आणि खालचा धातू लवकर खरबरीत होतो.

## टप्पा ४: लाइन रोलर आणि बेल

बेलच्या (दोरी पकडणारी, उघडझाप होणारी तारेची कमान) एका टोकाला जी लहान चकती असते, तिच्यावरून प्रत्येक वेळी दोरी आत येते. ती फिरायला हवी. पीठ, शेंगपेंड आणि कृष्णेचा बारीक गाळ नेमका तिथेच बसतो. मग चकती जाम होते, दोरी एकाच जागी घासून पांढरी पडते आणि तिला पीळ बसतो. लोक दोरी बदलत राहतात आणि दोष रोलरचा असतो.

चकतीवर मार्करने एक ठिपका द्या. रोलरवरून दोरी ताणून ओढा. ठिपका फिरला पाहिजे. फिरला नाही तर बेलच्या हाताचा स्क्रू काढून चकती, बुश (तिच्या आतली साधी नळी) आणि वॉशर क्रमाने मांडा, साबणाने धुवा, दोरी घासून चर पडला असेल तर चकती बदला. बसवताना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. इथे ग्रीस नको, ते धूळ धरते आणि हलक्या ओढीला चकती फिरतच नाही.

आत प्लास्टिकचा बुश असेल तर त्याच मापाचे छोटे बेअरिंग बसू शकते. ४×७×२.५ मिमी हे माप बऱ्याच वेळा आढळते, पण बुश मोजल्याशिवाय घेऊ नका.

इशारा: बेलचा स्क्रू काढताना बेलच्या हाताच्या आतली स्प्रिंग सुटते. बेल उघडी आहे की बंद, हे आधी बघून ठेवा आणि त्याच स्थितीत जोडा.

फेकल्यावर बेल हँडल फिरवून बंद करण्यापेक्षा हाताने पाडा आणि दोरी एकदा ताणून घ्या. सैल वेटोळे स्पूलवर चढत नाही आणि स्प्रिंगही जास्त टिकते.

## टप्पा ५: दोरी भरणे

स्पूलवर ०.३०/१५० असे लिहिलेले असते, म्हणजे ०.३० मिमी जाडीची १५० मीटर दोरी मावते. दोरी काठाच्या दीड ते दोन मिमी खालपर्यंत भरा. कमी भरली तर दोरी काठाला घासत बाहेर पडते आणि फेक तोकडी होते. काठोकाठ भरली तर वेटोळी एकदम सुटून पक्ष्याचे घरटे होते. दोन्ही चुका रोज दिसतात, आणि दुसरी करणारा रिळालाच दोष देतो.

नवी तंगूसची दोरी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा. भरताना ओल्या फडक्यातून, चिमटीत धरून, सारख्या ताणाने येऊ द्या. दोरीचे रीळ जमिनीवर आडवे ठेवून वीस-पंचवीस फेऱ्या भरा आणि थांबून दोरी सैल सोडा. तिला पीळ पडून वळ्या झाल्या तर जमिनीवरचे रीळ उलटे करा आणि पुढे भरा. ब्रेडेड (विणलेली) दोरी असेल तर तळाला आधी पाच-सहा मीटर साधी तंगूस गुंडाळा, नाहीतर सगळा गठ्ठा स्पूलवर घसरतो आणि वाटते ड्रॅग गेला.

भरून झाल्यावर स्पूल बाजूने बघा. दोरी पुढच्या काठाकडे जास्त साठली असेल तर स्पूलखाली, मधल्या दांड्यावर, एक पातळ वॉशर वाढवा. मागच्या बाजूला साठली असेल तर तिथला एक वॉशर काढा. एका वेळी एकच बदल, मग पुन्हा भरून बघा. लोक नेमके उलटे करतात: मागे साठली की वॉशर वाढवतात. वॉशरने स्पूल पुढे सरकते, रोलर आपल्या जागीच राहतो, म्हणजे दोरी आणखी मागे पडते.

इथे थांबून ठरवा. दोन-तीन वेळा पाण्यावर वापरून बघा. हँडल अजून जड वाटते, दात खातात, वाळूचा आवाज येतो, अशी तक्रार उरली असेल तरच पेटी उघडा.

## टप्पा ६: पेटी उघडणे

क्रम: स्पूल, हँडल, रोटर, मग बाजूचे झाकण. स्वस्त रिळांत हँडल बहुधा दुसऱ्या बाजूच्या टोपीच्या स्क्रूने धरलेले असते. टोपी सोडवा आणि हँडल सरळ ओढा. थेट आट्यांचे हँडल असेल तर ते मागे फिरवून सुटते.

रोटरचा नट लहान लॉक-पत्रीने अडकवलेला असतो. आधी तिचा स्क्रू काढा. काही रिळांत या नटाचे आटे उलटे असतात. हलक्या जोराने एका बाजूला सुटला नाही तर दुसऱ्या बाजूला फिरवून बघा. जोर लावून आटे मोडले तर रीळ संपले.

झाकणाचे तीन-चार स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून त्या-त्या जागी स्क्रू टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला की प्लास्टिक फोडून बाहेर येतो.

झाकण उचलताना ते सावकाश वर घ्या आणि आतल्या बाजूला बघा. हँडलने फिरणाऱ्या मोठ्या, म्हणजे मेन गिअरच्या बेअरिंगवर नखाएवढ्या जाडीच्या, कधी त्याहूनही पातळ गोल पत्र्या ग्रीसमध्ये चिकटलेल्या असतात. त्यांना शिम म्हणतात. कोणत्या बाजूला किती होत्या, हे लिहून ठेवा. खरखर सुरू झालेल्या बऱ्याच रिळांत कारण हेच असते: कोणीतरी आधी उघडले आणि शिम फडक्याबरोबर पुसून गेली.

## टप्पा ७: साफसफाई आणि वंगण

जुने ग्रीस काडीने काढा. धातूचे गिअर, दांडा आणि उघडी बेअरिंग पेट्रोलमध्ये ब्रशने धुवा. प्लास्टिकची पेटी, झाकण आणि रोटर साबणाच्या पाण्याने. सगळे सावलीत पूर्ण वाळू द्या. आता गिअरचे दाते उजेडात एकेक करून बघा. एखादा चपटा झाला असेल किंवा कड तुटली असेल, तर त्या रिळावर पुढे वेळ घालवू नका. घासलेल्या दातांवर ग्रीस फक्त आवाज दाबते.

ग्रीस किती लावायचे? ३००० नंबरच्या रिळाला सगळे मिळून हरभऱ्याएवढे पुरते. मेन गिअरच्या दातांवर ब्रशने इतका पातळ थर द्या की दातांचा आकार दिसत राहील. पिनियनलाही (मेन गिअरला लागून फिरणारा छोटा गिअर) तसेच. दांडा पुढेमागे करणारा जो भाग आहे त्याच्या खाचेला आणि दांड्याला थोडे. पेटी भरून ग्रीस घातले तर थंडीत हँडल जड होते आणि फिरताना ते उडून उलटी फिरकी अडवणाऱ्या क्लचमध्ये जाते.

या क्लचला कधीही ग्रीस लावू नका. त्यातल्या छोट्या रोलरना पकड हवी असते. ग्रीसने ते सरकतात आणि गळ मारताना हँडल मागे फिरते. मासा तिथेच सुटतो. क्लच आतून फडक्याने कोरडा पुसा, तेलाचा एक थेंब काडीवर घेऊन फिरवा आणि पुन्हा पुसा.

बेअरिंगला प्रत्येकी एक थेंब तेल. धुतलेले बेअरिंग हवेच्या जोराने कोरडे फिरवू नका, आतल्या गोळ्यांवर ओरखडे पडतात.

## टप्पा ८: शिम बसवणे

मेन गिअर पिनियनपासून लांब असेल तर हँडलला खेळ येतो. फार जवळ असेल तर दाते एकमेकांना रगडतात आणि फिरवताना बारीक थरथर जाणवते. हे अंतर शिमने जमते, एका वेळी ०.१ मिमी इतक्याच फरकाने.

बाजारात शिम मिळाली नाही तर कोल्ड्रिंकच्या अॅल्युमिनियमच्या डब्याचा मधला पत्रा चालतो; त्याची जाडी साधारण ०.१ मिमीच असते. कागद पंच करायच्या मशीनने पत्र्याला भोक पाडा. ते साधारण ६ मिमीचे होते. हँडलच्या दांड्याला ७ मिमी लागत असेल तर गोल कानशीने वाढवा. मग बाहेरून कात्रीने गोल कापा, आणि बाहेरची कड बेअरिंगच्या बाहेरच्या कडीला टेकणार नाही इतकी लहान ठेवा. कडा काचेवर घासून सपाट करा. ही शिम कायमची नाही, पण किती जाडी हवी ते तिने कळते.

मेन गिअरच्या झाकणाकडच्या बाजूला एक शिम घाला, झाकण लावून स्क्रू पूर्ण आवळा, हँडल फिरवा. सैल स्क्रूवर केलेली तपासणी फसवते. खेळ गेला आणि हँडल सहज फिरले तर झाले. जड झाले तर ती शिम गिअरच्या दुसऱ्या बाजूला घालून बघा. तरीही जड असेल तर काढा. थोडा खेळ राहिलेला परवडतो, घट्ट बसलेले गिअर लवकर दाते खातात.

## टप्पा ९: बेअरिंग बदलायचे का?

खोक्यावर बेअरिंगची संख्या म्हणून १२+१ लिहिलेले असते आणि आत बऱ्याच जागी प्लास्टिकचे किंवा पितळेचे बुश निघतात. सगळे बदलण्यात अर्थ नाही. खर्च करायचाच तर पिनियनचे बेअरिंग आणि मेन गिअरच्या दोन्ही बाजू, एवढ्याच जागा. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी या क्रमाने मोजा. ७×११×३ आणि ७×१४×५ मिमी ही मापे या आकाराच्या रिळांत अनेकदा निघतात. जुना नमुना घेऊन कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीच्या बाजूच्या बेअरिंगच्या दुकानात गेलात तर माप चुकत नाही. गोड्या पाण्यासाठी साधे, दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणे असलेले बेअरिंग पुरते.

## टप्पा १०: जोडणी

उलट क्रमाने जोडा, पण प्रत्येक भागानंतर हँडल फिरवून बघा. कोणत्या भागानंतर ते जड झाले ते लगेच सापडते. रोटर लावायच्या आधी मऊ आणि नट आवळल्यावर जड, असे झाले तर नट जास्त आवळला गेला आहे. पाव फेरी सोडवा आणि लॉक-पत्री लावा.

प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो हलकेच ‘टक्’ करून बसतो. मग सरळ फिरवा. असे केले नाही तर तो दरवेळी नवे आटे पाडतो आणि तीन-चार उघडण्यांनंतर झाकण धरतच नाही.

शेवटी हँडल पन्नास वेळा फिरवा, झाकणाच्या फटीतून बाहेर आलेले ग्रीस पुसा आणि बाटलीची तपासणी पुन्हा करा.

## काठावरून आल्यावर

रीळ बादलीत बुडवू नका आणि नळाची धार मारू नका. पाणी गाळ आत ढकलते. ड्रॅग आवळा, ओल्या फडक्याने पुसा, रोलरजवळचे पीठ ब्रशने काढा, फडके फिरवून वाळवा आणि रोलरला तेलाचा थेंब द्या. मग ड्रॅग पूर्ण सैल करा, म्हणजे फेल्ट दबून राहत नाही. पावसाळ्यात रीळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवले तर आतला दमट वारा अडकतो आणि बेलची स्प्रिंग गंजते. कापडी पिशवीत घालून खुंटीला लावा.